बालपणाची साक्ष आणि मोगलीची चित्रमालिका

लहानपणीं जें आवडलें त्याविषयीं मोठेपणीं लिहूं लागलें म्हणजे टीकाकार बहुधा दोहोंपैकीं एका वाटेनें जातो. एक तर तो स्मृतीला शरण जातो, आणि आपल्याला गोड वाटलें तें गोडच असलें पाहिजे असें गृहीत धरून गुणवर्णनाला आरंभ करतो. नाहीं तर आपण आतां प्रौढ झालों हें सिद्ध करण्याच्या भरांत तो त्या आवडीचा उपहास करतो, आणि मोडक्या खेळण्याकडे पाहावें तसें त्या कृतीकडे पाहतो. पहिल्या वाटेनें गेल्यास टीका उरत नाहीं, दुसऱ्या वाटेनें गेल्यास प्रामाणिकपणा उरत नाहीं. बालपणच्या आवडीला निकालाचा मान देतां येत नाहीं हें खरें. परंतु ती एक साक्ष आहे, आणि साक्षीदार लहान आहे एवढ्याच कारणासाठीं त्याची साक्ष फेटाळणाऱ्या न्यायाधीशास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. त्या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र झाली पाहिजे.

अशा उलटतपासणीस योग्य असें एक उदाहरण आमच्या पिढीपाशीं आहे. जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें रुडयार्ड किप्लिंगच्या 'जंगल बुक'वरून एक चित्रमालिका तयार केली. तिचे दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा, आणि भाग 52. टीव्ही तोक्यो या वाहिनीवर ती ऑक्टोबर 1989 पासून ऑक्टोबर 1990 पर्यंत चालली. पुढें 1993 सालीं दूरदर्शननें ती हिंदींत आणली आणि रविवारच्या सकाळीं देशभर दाखविली. त्या वेळीं जीं मुलें पांच ते बारा वर्षांचीं होतीं तीं आज चाळिशीच्या आगेंमागें आहेत. त्यांच्यापैकीं कोणापाशींही हा विषय काढून पाहावा. प्रथम तो गाणें गुणगुणूं लागतो. मग शेरखानाच्या आवाजाची नक्कल करतो. मग त्या रविवारांचें वर्णन करतो. एखाद्या भागांत नेमकें काय घडलें तें सांगा म्हटलें कीं मात्र तो थबकतो. प्रेम अतोनात आणि प्रेमविषयाची ओळख पुसट, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. ती मालिका खरोखरच चांगली होती, कीं तिच्या भोंवतालचें सारें चांगलें होतें, हा प्रश्न त्यामुळें टाळतां येत नाहीं. प्रस्तुत लेखक त्याच मुलांपैकीं एक असल्यामुळें आपली स्वतःची साक्षही त्याला या तपासणींतून वगळतां येत नाहीं.

प्रथम भोंवतालच्या गोष्टी वेगळ्या काढूं. रविवारची सकाळ ही दूरदर्शननें त्यापूर्वींच एक सार्वजनिक वेळ करून ठेविली होती. 1987 सालीं 'रामायण' आणि 1988 सालीं 'महाभारत' सुरू झालें, तेव्हांपासून त्या प्रहरीं दूरचित्रवाणी-संचापुढें बसणें हा घरोघरचा परिपाठ झाला होता. उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांचें नुकतेंच आगमन झालें होतें, पण बहुतेक घरांत अजून दूरदर्शन हेंच काय तें दूरदर्शन होतें. निवड करण्याचा प्रश्न नसल्यामुळें नागपूरच्या मुलानें जें पाहिलें तेंच रत्नागिरीच्या मुलानें पाहिलें, आणि सोमवारीं शाळेंत दोघांनाही बोलायला तोच विषय मिळाला. आज जें प्रेम मालिकेच्या खात्यावर मांडलें जातें त्यांतला मोठा वांटा या सामायिकपणाचा आहे. त्या सकाळीं दुसरें कांहीं दाखविलें असतें तरी हा वांटा त्याला मिळालाच असता. म्हणून तो मालिकेच्या गुणांतून वजा करणें न्यायाचें होईल.

दुसरी गोष्ट शीर्षकगीताची. तें जपानी नव्हतें. हिंदी रूपांतरासाठीं गुलजार यांनीं तें नव्यानें लिहिलें, विशाल भारद्वाज यांनीं त्याला चाल दिली, आणि तें एका बालकंठांतून गाऊन घेतलें. भारद्वाज यांचें नांव तेव्हां फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. 'माचिस' हा चित्रपट 1996 चा. या गीताचें यश कशांत आहे तें पाहण्यासारखें आहे. त्यांत ना पराक्रमाचें वर्णन, ना उपदेश. रानांत कोणी एक चिमुकला आला आहे, ही बातमी चाळींतल्या बातमीसारखी तोंडोंतोंडीं पसरते, इतकाच त्याचा विषय. भाषाही अशी कीं मोठ्यांच्या काव्यांत ज्या घरगुती शब्दांना उंबऱ्याबाहेर ठेवतात ते येथें बिनदिक्कत आंत येऊन बसतात. मुलाला उद्देशून लिहितांना आवाज चढविण्याची आणि डोळे मोठे करण्याची जी खोड आमच्याकडील पुष्कळ बालगीतकारांना आहे तिचा येथें मागमूस नाहीं.

परंतु या गुणवान् गीतानें मालिकेवर एक अन्यायही केला आहे. गीतांतला मोगली तान्हा आहे, कौतुकाचा आहे. मालिकेंतला मोगली वाढता मुलगा आहे, आणि त्याच्या वाट्याला भूक, भय, वियोग आणि अपमान हें सारें येतें. माणसांमुळें आईबापांस अंतरलेली किची त्याच्या सोबतीला आहे, आणि लांडग्यांच्या सभेंत त्याच्या राहण्याचा हक्क पुन्हां पुन्हां वादांत सांपडतो. गाणें लक्षांत राहिलें आणि त्यानें आपला लाडिक रंग मागाहून साऱ्या मालिकेला चढविला. आज जो तो 'किती गोड होतें तें!' असें म्हणतो, तें वर्णन गीताला लागू पडतें. चित्रांत तें शोधूं गेल्यास पुष्कळ ठिकाणीं सांपडणार नाहीं.

तिसरी गोष्ट शेरखानाच्या आवाजाची. हिंदी शेरखानाला आवाज दिला तो नाना पाटेकर यांनीं. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकांतला गुलाबराव ज्या मराठी प्रेक्षकांनीं पाहिला होता त्यांना या आवाजाची जात ठाऊक होती. तुटक वाक्यें, मध्येंच ओढून धरलेला श्वास, धमकीच्या आधीं येणारा खोटा निवांतपणा, ही त्या आवाजाचीं लक्षणें. किप्लिंगचा शेरखान एका पायानें लंगडा आहे. रानांतली शिकार त्याला झेपत नाहीं, म्हणून तो गुरांवर आणि माणसांवर येतो, आणि आपल्या उणेपणाची भरपाई डरकाळीनें करतो. या अपमानित बळाची नस पाटेकरांना बरोबर सांपडली. चित्रांतला वाघ कित्येकदां नुसताच वाघ असतो. आवाज ऐकूं आला कीं त्याला स्वभाव प्राप्त होतो. हा गुण मोठा आहे, पण तोही हिंदी रूपांतराचा आहे. मूळ चित्रकाराला त्याचें श्रेय देतां येत नाहीं.

या दोन गोष्टी मूळ कृतीपासून किती सुट्या आहेत याचा पुरावा 2016 सालीं मिळाला. त्या वर्षीं डिस्नेनें 'जंगल बुक'वर नवा चित्रपट काढला. जपानी मालिकेशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. तरीही भारतांत त्याची जाहिरात करतांना तेंच गीत नव्या रूपांत पुढें आणलें गेलें, आणि हिंदी शेरखानासाठीं पुन्हां पाटेकरांनाच बोलावण्यांत आलें. अमेरिकेपेक्षां एक आठवडा आधीं, 8 एप्रिल 2016 रोजीं, तो येथें प्रदर्शित झाला. एका कृतीचें गीत आणि आवाज काढून दुसरीला जोडले आणि स्मृति तत्काळ जागी झाली. व्यापाऱ्यांना जें बरोबर कळलें तें टीकाकारांनीं मान्य करण्यास हरकत नसावी. आमच्या स्मृतीचा मोठा भाग कानांत आहे.

मग डोळ्यांसाठीं कांहीं उरतें काय? उरतें, असें म्हणण्यास एक सबळ कारण आहे. हीच मालिका अरबी भाषेंतही गेली. तिकडे तिला वेगळें गीत मिळालें, वेगळे आवाज मिळाले. तेथल्या मुलांना गुलजार ठाऊक नव्हते, पाटेकर ठाऊक नव्हते, आणि आमचा रविवारही त्यांचा नव्हता. तरी त्या पिढीला मोगली तितकाच आठवतो. गीत बदललें, आवाज बदलले, वार बदलला, आणि तरीही प्रेम टिकलें, तेव्हां ज्याला हें प्रेम चिकटलें तें चित्रांत आणि कथेंतच कोठें तरी असलें पाहिजे. तें शोधण्यासाठीं मूळ पुस्तकाकडे जाणें भाग आहे.

किप्लिंग 30 डिसेंबर 1865 रोजीं मुंबईंत जन्मला. त्याचा बाप जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होता. दाई आणि नोकर यांच्या सहवासांत वाढलेल्या या मुलाला देशी भाषाच अधिक सोयीची होती. आईबापांपुढें जातांना आतां इंग्रजींत बोल असें त्याला बजावावें लागे, हें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. 1871 सालीं, सहा वर्षेंही पुरीं झालीं नसतांना, त्याला इंग्लंडमध्यें साउथसी येथें परक्यांच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि तेथें त्याचे जे हाल झाले त्यांची सल जन्मभर गेली नाहीं. हें लक्षांत घेतलें म्हणजे मोगली कोठून आला याची वेगळी चौकशी करावी लागत नाहीं. दोन घरें असलेलें आणि म्हणून कोणत्याच घरीं पुरतें न मावणारें मूल, हा त्या लेखकाचा स्वानुभव होता. पुस्तकें लिहिलीं गेलीं तीं मात्र दूर अमेरिकेंत, व्हर्माँट प्रांतांतल्या बर्फांत. पहिलें 1894 चें, दुसरें 1895 चें. सिवनीचें रान त्यानें बव्हंशीं इतरांच्या वर्णनांवरून उभें केलें. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्यानें सातपुड्यांतल्या सिवनीवर लिहिलेलें पुस्तक 1877 पासून उपलब्ध होतें.

या दोन पुस्तकांत मोगलीच्या गोष्टी आहेत आठच. त्या एकामागून एक घडत नाहींत. एका गोष्टींत तो उघडा बाळ आहे, पुढें लगेच दहा-अकरा वर्षांचा आहे. माकडांनीं पळवून नेल्याची हकीकत मागाहून सांगितली जाते. शेरखान तिसऱ्याच गोष्टींत म्हशींच्या पायांखालीं मरतो. किप्लिंगला मुलाच्या वाढीचीं शिखरें तेवढीं दाखवावयाचीं होतीं, मधल्या दऱ्या त्यानें सोडून दिल्या. शिवाय त्याच्या रानावर 'कायद्या'चें राज्य आहे. कोणीं केव्हां शिकार करावी, पाणवठ्यावर कोणीं कसें वागावें, कळपांत कोणाला घ्यावें, यांचीं कलमें तेथें पाठ करावीं लागतात, आणि बाळ मोगलीला कळपांत घेण्यासाठीं बघीरा एका बैलाची किंमत मोजतो. त्या कायद्याच्या भाषेंत एक करडा, सरकारी स्वर आहे. तो कोणाच्या राज्याचा आहे हें आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाहीं.

जपानी मालिकाकारांनीं नेमक्या त्या सोडलेल्या दऱ्या भरून काढल्या, आणि माझ्या मतें त्यांचें खरें कर्तृत्व हेंच होय. 52 भाग म्हणजे आठवड्याला एक धरल्यास पुरें एक वर्ष. एवढा अवकाश भरावयाचा तर केवळ प्रसंग पुरत नाहींत, संसार लागतो. म्हणून पुस्तकांतल्या ज्या लांडग्याला 'बाप लांडगा' यापलीकडे नांव नव्हतें त्याला नांव मिळालें, आईला नांव मिळालें, भावंडांना स्वभाव मिळाले. मोगली शिकार शिकतो, चुकतो, रुसतो, भावांशीं भांडतो, पुन्हां त्यांच्याच अंगाला अंग लावून झोंपतो. पुस्तकांत मोगली लांडग्यांचा आहे असें आपण वाचतों. मालिकेंत तो त्यांचा होतांना दिसतो. आणि म्हणूनच अखेर तो माणसांच्या वस्तीकडे वळतो तेव्हां त्याला काय सोडावें लागतें हें मुलाला कोणीं समजावून द्यावें लागत नाहीं. एक वर्षभर तें घर त्याचेंही होतें.

येथें काळाचा एक सूक्ष्म उपयोग झाला आहे. ग्रंथ एका बैठकींत वाचतां येतो, चित्रपट दोन तासांत संपतो. मालिका पाहणारें मूल मात्र ती संपेपर्यंत स्वतःच एका वर्षानें मोठें होतें. नायकाची वाढ आणि प्रेक्षकाची वाढ समांतर चालतात. डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटांत हा प्रकार संभवत नाहीं. तेथें मोगली आरंभापासून शेवटापर्यंत तोच मुलगा आहे आणि रान ही एक मौजेची सफर आहे. त्या चित्रपटानें का या अजगराला दुष्ट विदूषक केलें. किप्लिंगच्या पुस्तकांत तो मोगलीचा वडीलधारा मित्र आहे, आणि जपानी मालिकेनें त्याचें तें स्थान त्याला परत दिलें. मुलाला ज्याची भीति वाटावी अशा प्राण्यापाशीं शहाणपण असूं शकतें, ही गोष्ट गाण्याबजावण्यांत हरवून जाण्याइतकी क्षुल्लक नाहीं.

चित्रणाच्या कारागिरीविषयींही दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे, कारण या बाबतींत स्मृति आणि वस्तुस्थिति यांत मोठें अंतर आहे. चित्रपट्टींत एका सेकंदाला 24 चौकटी लागतात. खर्चिक चित्रपटांत त्यांसाठीं बारा किंवा त्याहून अधिक निरनिराळीं चित्रें काढतात. जपानी दूरचित्रवाणीनें ओसामु तेझुका यांच्या 1963 च्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून आठ किंवा त्याहूनही कमी चित्रांवर भागविण्याची रीत पाडली. देह स्थिर ठेवून ओंठ तेवढे हलवावयाचे, रंगविलेली पार्श्वभूमि मागून सरकवावयाची, एकदां काढलेली धांव पुन्हां पुन्हां वापरावयाची, अशा युक्त्यांनीं दर आठवड्याचा भाग वेळेवर निघे. मोगलीची मालिका याच काटकसरीच्या परंपरेतली आहे. आज ती पाहतांना तीच उडी आणि तीच झाडें परत आलेलीं सहज ओळखूं येतात. त्या वेळीं तीं ओळखूं आलीं नाहींत, कारण राहिलेलीं चित्रें आमची कल्पना भरून काढीत होती.

तरीही या काटकसरीचा एक लाभ झाला. रानाचें जीवन हें बव्हंशीं स्थिर असतें. सावज टेहळणारें जनावर हालत नाहीं, आणि पाणवठ्यावर उतरण्यापूर्वीं हरीण बराच वेळ कान देऊन उभें राहतें. ज्याला सतत हालचाल दाखविणें परवडतें तो ही स्थिरता दाखवावयास विसरतो. ज्याला परवडत नाहीं त्याच्या हातून ती आपोआप घडते. मालिकेंतल्या चांगल्या भागांत झाडांच्या कमानीखालचा अंधार, दगडावर बसलेला बघीरा आणि दूरवर नुसतीच दिसणारी टेकडी, असा एक निःशब्द काळ येतो. मुलांच्या करमणुकींत असा काळ आजकाल दुर्मिळ झाला आहे.

आतां दोषांकडे वळूं. या मालिकेचें रान कोणत्याही एका ठिकाणचें नाहीं. किची ही तांबडी पांडा आहे. हा प्राणी हिमालयांतला, सातपुड्यांत तो कोणीं पाहिला नाहीं. मोगलीच्या हातांतलें बूमरँग ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचें. लांडग्यांच्या कुळपुरुषाला अलेक्झांडर हें नांव देतांना मालिकाकारांच्या मनांत काय आलें असेल याचा तर्क करणें कठीण आहे. या चुका मुलाला बोंचत नाहींत, आणि रम्यकथेला थोडी मोकळीक असावी हेंही कबूल. परंतु माणसांच्या वस्तीचें चित्रण रानापेक्षां कितीतरी उथळ आहे, हा दोष मात्र गंभीर आहे. लांडग्यांना नांवें, नातीं आणि रागलोभ आहेत. गांवकऱ्यांपैकीं थोडे सोडले तर बाकीचे केवळ भय आणि बंदूक यांचे धनी आहेत. ज्या मुलाला दोन घरें आहेत त्याचें एकच घर नीट रंगविलें, तर शेवटची निवड खरी निवड राहत नाहीं. किप्लिंगही या बाबतींत निर्दोष नाहीं, आणि मालिकेनें त्याची उणीव भरून काढण्याऐवजीं ती पुढें चालविली.

हिंदी रूपांतरानें एक नकळत दुरुस्ती केली, ती येथें नमूद केली पाहिजे. अकेला, हाथी, बंदर-लोग हीं किप्लिंगनें हिंदुस्थानी बोलींतून उचललेलीं नांवें इंग्रज किंवा जपानी मुलाला नुसते विचित्र ध्वनि होत. हिंदींत तीं येतांच त्यांना आपले अर्थ परत मिळाले. कळपाचा नायक 'अकेला' आहे, यांतलें कारुण्य आम्हांला भाषांतराशिवाय कळलें. मुंबईंत जन्मलेल्या मनुष्याच्या कल्पनेंतून निघून, अमेरिका आणि जपान पाहून, हे शब्द आमच्याकडे परत आले, आणि हा प्रवास त्यांना मानवला.

तरीपण आमच्या भागापुरता एक हिशेब अजून बाकी राहतो. मोगलीच्या रानांतून जी वैनगंगा वाहते ती कल्पित नाहीं. ती सिवनी जिल्ह्यांत उगम पावून गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या मराठी जिल्ह्यांना पाणी देत वर्धेला मिळते. पेंचचें रान अर्धें सिवनीकडे आणि अर्धें नागपूर जिल्ह्यांत आहे. किप्लिंगच्या एका गोष्टींत सिवनीच्या लांडग्यांवर दख्खनच्या कोळसुंद्यांची टोळी चालून येते आणि त्या झुंजींत अकेला मरतो. म्हणजे आमचा प्रदेश त्या पुस्तकांत आहे, पण शत्रूच्या बाजूला. मालिका पाहणाऱ्या मराठी मुलांपैकीं कितीजणांना ही नदी आपली आहे असें त्या वेळीं वाटलें असेल? आम्हांला रान आवडलें तें 'कोठलें तरी' म्हणून आवडलें. आज पेंचला मोगलीची भूमि म्हणून प्रवासी जातात, पण वाघ पाहावयास जातात. ज्याचा बालपणीं मनापासून द्वेष केला त्या शेरखानाच्या दर्शनासाठीं पैसे मोजले जातात, आणि त्याची संख्या 2006 च्या 1,411 वरून 2022 च्या गणनेंत 3,682 झाली याचा सर्वांना योग्य अभिमान वाटतो.

लांडग्याचें काय? ज्या कुळानें मोगलीला वाढविलें त्याचे खरे वंशज घनदाट रानापेक्षां उघड्या माळावर अधिक आढळतात. पुणें, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांत ते अजून आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरांतही आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना वाघाच्याच पंक्तीला बसविलें आहे. पण माळ हा आमच्या कागदोपत्रीं पडीक मानला जातो. तेथें कारखाना आला, सडक आली, नांगर फिरला, तरी रान गेलें असें कोणी म्हणत नाहीं. दुसऱ्या बाजूला धनगराचें कोकरूं लांडगाच नेतो, आणि त्याच्या दृष्टीनें अकेला हा चोर आहे. या दोघांमधलें भांडण खरें आहे, दोघांचीही बाजू खरी आहे. पाटीवरच्या अकेल्यासाठीं डोळ्यांत पाणी आणणारी आमची पिढी या भांडणाच्या वेळीं कोठें असते, असें विचारलें तर समाधानकारक उत्तर देतां येणार नाहीं.

याचा दोष मालिकेला देणें अन्यायाचें होईल. तोक्योंत बसून चित्रें काढणाऱ्यांनीं सोलापूरच्या माळाची काळजी वाहावी अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. दोष असलाच तर तो स्मृतीला तिच्या जागींच गोंजारीत बसणाऱ्यांचा आहे. मराठींत रानाचें वाङ्मय नाहीं असें नाहीं. मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्याच्या नोकरींत नवेगांवसारख्या ठिकाणीं, म्हणजे वैनगंगेच्याच खोऱ्यांत, वर्षें काढून 'रानवाटा'सारखीं पुस्तकें लिहिलीं. 2025 सालीं ते निवर्तले. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'बनगरवाडी'त धनगरांचें जग उभें केलें आणि 'सत्तांतर'मध्यें वानरांच्या टोळींतला संघर्ष प्राण्यांना माणसांची भाषा न देतां रंगविला. किप्लिंगच्या रानांत जी वस्ती उथळ राहिली ती 'बनगरवाडी'त खोल आहे. आणि मालिकेंत जें रान 'कोठलें तरी' आहे तें चितमपल्लींच्या पानांत नांवागांवाचें आहे. मोगलीनें जागी केलेली भूक भागविण्याचें अन्न घरांतच होतें. तें मुलांपुढें चित्ररूपानें कोणीं मांडलें नाहीं, एवढी मात्र आमची उणीव आहे.

तात्पर्य, बालपणानें दिलेली साक्ष कांहीं अंशीं खरी ठरते आणि कांहीं अंशीं खोटी. गीत आणि आवाज यांचें श्रेय तिनें भलत्याच खात्यावर लिहिलें आहे. चित्रांची चपळाई तिनें पदरची घातली आहे. आणि आपल्याला रान कळलें असा जो तिचा दावा आहे तो तर मुळींच टिकत नाहीं. पण एका मुद्द्यावर ही साक्षीदार हटत नाहीं, आणि तिला हटविण्याचें कारणही नाहीं. दोन घरांच्या मध्यें उभें असलेलें एक मूल दर आठवड्याला थोडथोडें मोठें होत गेलें, आणि तें पाहणाऱ्या मुलांना त्याच्या वाढीचें ओझें आपल्या अंगावर जाणवलें, हें तिचें म्हणणें पुस्तक आणि चित्रें शेजारीं ठेवून पाहिलें तरी खरें उतरतें. मूळ ग्रंथाला जें साधलें नव्हतें तें एका काटकसरीच्या मालिकेनें साधलें. एवढ्यावर तिला बालवाङ्मयांत मानाची जागा द्यावी. पहिल्या पंक्तीची नव्हे, पण तिच्या लगतची.

आणि ज्यांना ती जागा पटत असेल त्यांनीं आपल्या मुलांना तें गीत ऐकवून थांबूं नये. वैनगंगा नकाशावर कोठें आहे तें एकदां त्यांना दाखवावें, आणि जमल्यास एखाद्या संध्याकाळीं माळावरही न्यावें.